कंपनी तीच ठेवावी की बदलावी? गाडी, तेल, टायर आणि सुटे भाग निवडताना विश्वास कसा तपासावा

नवी गाडी घ्यायचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेक घरांत मॉडेलच्या आधी कंपनी ठरलेली असते. "आमच्याकडे पहिल्यापासून त्यांचीच गाडी आहे," हे वाक्य दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात मी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो. नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांबरोबर शोरूमला जाण्याचे काम गेली पंधरा-सोळा वर्षे माझ्याकडे आलेले आहे. त्या फेऱ्यांतून माझे असे मत झाले आहे की कंपनीवरचा विश्वास मोलाचा असतो आणि तो उगाच मोडू नये. पण तो विश्वास मुळात कोणी कमावला, हे शोधून काढल्याशिवाय त्याच्या भरवशावर आठ-दहा लाख रुपये गुंतवू नयेत. हा शोध कसा घ्यावा, गाडीपासून इंजिन ऑइलपर्यंत प्रत्येक ठिकाणी नावाला किती महत्त्व द्यावे आणि कुठे देऊ नये, याची पद्धत पुढे दिली आहे.

आधी हा विश्वास आला कुठून, ते समजून घेऊ. आपल्या वडील-आजोबांच्या काळात निवडीला वावच नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तयार होत असे आणि बंगालमध्ये उत्तरपाड्याला अँबेसेडर तयार होत असे. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या अंगणात गाडी उभी राहू लागली. त्या काळात एका कंपनीला धरून राहणे हा शहाणपणाच होता, कारण गावातल्या मेकॅनिकला तीच गाडी उघडता येत असे आणि तिचेच सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळत असत. ज्या गाडीचा आवाज ऐकून फिटर दोष सांगू शकतो, ती गाडी घ्यावी, हा हिशेब अगदी बरोबर होता. आता प्रश्न एवढाच की आपल्या घरात त्या हिशेबातले कारण शिल्लक आहे, की केवळ नाव.

जुनी बिले बाहेर काढा

शोरूमला जाण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेवावी आणि जुन्या गाडीची सगळी कागदपत्रे जमिनीवर पसरावीत. जॉब कार्ड, सर्व्हिसिंगची बिले, टायर आणि बॅटरीच्या पावत्या, विम्याच्या दाव्याचे कागद, जे असेल ते सगळे घ्यावे. मग एका वहीत वर्षवार तीन गोष्टी लिहाव्यात: खर्च किती झाला, काम कोणी केले आणि गाडी रस्त्यात बंद पडण्याचे प्रसंग किती आले. आठवणीवर अवलंबून राहू नये. चांगल्या गाडीचा एक वाईट दिवस आपल्याला जन्मभर आठवतो आणि रोज थोडे थोडे पैसे खाणाऱ्या गाडीचा खर्च आपण विसरून जातो.

हे मी स्वतःच्या घरात केले, तेव्हा जे निघाले त्याने माझी समजूत बदलली. वडिलांनी एकाच कंपनीच्या दोन गाड्या वापरल्या. पहिली तेरा वर्षे चालली आणि तिच्याबद्दल ते आजही कौतुकाने बोलतात. तिची निळी प्लास्टिकची फाइल उघडली तर आत एकेचाळीस बिले होती. पहिली सहा कंपनीच्या वर्कशॉपची, छापील होती. उरलेली पस्तीस आमच्या गावातल्या एकाच मेकॅनिकची, हाताने लिहिलेली, कडेला तेलकट अंगठ्याचे ठसे उमटलेली. प्रत्येक बिलाच्या उजव्या कोपऱ्यात त्याने लाल शाईने किलोमीटरचा आकडा लिहिलेला होता आणि खाली पुढच्या खेपेला काय बघायचे त्याची एक ओळ: "पुढचे ब्रेक पॅड अर्धे", "टाय रॉडचा आवाज, दिवाळीनंतर बघू". काढलेला जुना भाग तो वर्तमानपत्रात गुंडाळून वडिलांच्या हातात देत असे, हे मला त्या ओळी वाचताना आठवले. तेरा वर्षे गाडी चालती ठेवली होती ती त्या माणसाने.

दुसरी गाडी त्याच कंपनीची, पण आम्ही शहरात राहायला गेल्यावर घेतलेली. पहिला गिअर टाकून गाडी उचलताना ती थरथरत असे. वर्कशॉपने दीड वर्षात तीनदा क्लचचे काम केले, तीनदा बिल लावले आणि थरथर राहिलीच. वडील मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की कंपनी चांगली आहे, हेच लोक नीट काम करत नाहीत. त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. पहिल्या गाडीचे श्रेय त्यांनी कंपनीला दिले होते आणि दुसरीचा दोष वर्कशॉपला. दोन्ही वेळा निकाल ठरवणारी गोष्ट एकच होती, काम करणारा हात. पण दुसरी गाडी घेताना त्या हाताची चौकशी कोणीच केली नव्हती.

म्हणून वहीत खर्चाच्या शेजारी "काम कोणी केले" हा रकाना ठेवायलाच हवा. तो भरून झाला की आपला विश्वास कोणाच्या खात्यावर जमा आहे ते दिसते. तो मेकॅनिकच्या खात्यावर असेल, तर पुढची गाडी ठरवण्याआधी त्याच मेकॅनिकला विचारावे की कोणती इंजिने त्याच्या हातातली आहेत. ज्या गाडीला त्याच्याकडचा दोष वाचणारा स्कॅनर जोडताच येत नाही, ती गाडी कितीही आवडली तरी वॉरंटी संपल्यावर आपण एकटे पडणार आहोत, हे लक्षात ठेवावे.

नावाच्या खाली काय आहे ते पाहा

पुढचे काम म्हणजे कंपनीचे नाव, मॉडेल, इंजिन आणि डीलर या चार गोष्टी वेगळ्या करणे. आपण त्या एका शब्दात बांधतो आणि तिथेच फसतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच रांजणगावचे आहे. फियाटचे १२४८ सीसीचे, १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन फियाट आणि टाटा यांच्या तिथल्या संयुक्त कारखान्यात तयार होत असे, आणि परवान्याने सुझुकीच्या मानेसर येथील कारखान्यातही. हेच इंजिन फियाटच्या पुंटो आणि लिनियात मल्टिजेट नावाने, टाटांच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावाने आणि मारुतीच्या स्विफ्ट व डिझायरमध्ये डीडीआयएस नावाने बसवले जात असे. पंधरा वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवर एक जण मारुतीच्या डिझेलची बाजू घेई, दुसरा टाटांची, आणि दोघांच्या बॉनेटखाली मुळात एकच इंजिन असे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ हे कडक निकष लागू झाले आणि ते इंजिन आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून गेले. त्यामुळे "त्या कंपनीचे डिझेल अ‍ॅव्हरेजला उत्तम" हे मत आज जो कोणी सांगतो, तो अशा इंजिनाबद्दल सांगत असतो जे त्या कंपनीचे मूळचे नव्हते आणि आता मिळतही नाही.

आजही तीच स्थिती आहे. टोयोटा ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो आहे, रुमिऑन ही अर्टिगा आहे आणि उलट दिशेने मारुतीची इन्व्हिक्टो ही टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आहे. चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांचा सांगाडा आणि इंजिने एकच आहेत. अशा जोडगाडीत नावाला महत्त्व नसते असे मात्र नाही. ते महत्त्व दुसरीकडे असते, म्हणजे वॉरंटी, डीलर, व्हेरिअंटमध्ये काय दिले आहे आणि गाडी किती आठवड्यांत मिळणार, या गोष्टींत. काही वर्षे टोयोटाच्या बिल्ल्याबरोबर तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी मिळत होती आणि तीच गाडी मारुतीच्या बिल्ल्याने घेतल्यास दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटरची. जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही ती तीन वर्षे आणि एक लाख किलोमीटर केली. ज्यांनी त्याआधी दोन्ही शोरूममध्ये जाऊन अटी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, त्यांना हा फरक दिसला. ज्यांची कंपनी घरूनच ठरली होती, त्यांना दिसण्याचे कारण नव्हते.

म्हणून शोरूममध्ये सेल्समनला तीन प्रश्न विचारावेत. हे इंजिन आणि हा गिअरबॉक्स कोणत्या वर्षापासून विकला जातो? हाच जोड आणखी कोणत्या गाड्यांत आहे? आणि वॉरंटीत काय येत नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये. वॉरंटीची पुस्तिका मागून ती तिथेच बसून वाचावी. बाजारात येऊन सहा महिनेही न झालेला गिअरबॉक्स आपल्या आवडत्या कंपनीचा असला तरी माझा सल्ला थांबण्याचा असतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर कंपनीचे नाव बाजूलाच ठेवावे आणि मॉडेल व वर्ष पाहावे. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांची नेक्सॉन ही, गाड्या धडकवून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली आणि तेव्हापासून "दणकट म्हणजे टाटा" हे मत घट्ट बसले. मारुतीबद्दल नेमके उलटे मत बसले आणि डिसेंबर २०२२ मध्ये स्विफ्टला एकच तारा मिळाल्याने ते आणखी पक्के झाले. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या नव्या डिझायरने त्याच संस्थेकडून पाच तारे मिळवले. ज्याने नावावरून गाडी नाकारली त्याचे चुकले, आणि ज्याने हे पाच तारे ऐकून त्या कंपनीची जुनी गाडी सेकंडहँड घेतली त्याचे अधिक चुकले. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपही सुरू झाले आहे. त्यात प्रौढांच्या संरक्षणाला ३२ पैकी आणि मुलांच्या संरक्षणाला ४९ पैकी गुण दिले जातात. घरात लहान मूल असेल तर दुसरा आकडा आवर्जून पाहावा. अहवालात चाचणी केलेल्या व्हेरिअंटमध्ये किती एअरबॅग होत्या तेही लिहिलेले असते; आपण घेत असलेल्या व्हेरिअंटमध्ये तेवढ्याच आहेत ना, हे जुळवावे. ग्लोबल एनकॅपने २०२२ च्या मध्यात नियम कडक केले, म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे तारे एकमेकांशी तोलू नयेत.

वर्कशॉप आणि सुट्या भागांचे काउंटर

गाडीच्या जाहिरातीत कधीच न दिसणारी, पण दहा वर्षे आपल्याला भेटत राहणारी जागा म्हणजे वर्कशॉप. घरापासून तीस किलोमीटरच्या आत त्या कंपनीची किमान दोन वर्कशॉप असावीत, असा माझा आग्रह असतो. एकच असेल तर त्याच्याशी बिनसले की जाणार कुठे? पुण्या-मुंबईत ही अडचण येत नाही. गडचिरोली, सिंधुदुर्ग किंवा नंदुरबारमध्ये राहणाऱ्याने मात्र हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर ठेवावा आणि जवळचे वर्कशॉप ज्या कंपनीचे असेल तिला खुशाल झुकते माप द्यावे. इथे कंपनीला धरून राहण्याचे कारण अगदी ठोस आहे.

वर्कशॉप तपासण्याची एक साधी रीत आहे. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास, गाड्या आत घेण्याच्या वेळेला, तिथे जाऊन उभे राहावे. तक्रार घेणारा माणूस गाडीजवळ जाऊन बघतो की टेबलावरूनच जॉब कार्ड भरतो, हे पाहावे. मग सुट्या भागांच्या काउंटरवर जाऊन पाच वस्तूंची किंमत आणि त्या किती दिवसांत मिळतील ते विचारावे: पुढचा बंपर, हेडलाइट, बाजूचा आरसा, पुढचे ब्रेक पॅड आणि क्लच सेट. पहिल्या तीन शहरातल्या गर्दीत फुटणाऱ्या आहेत आणि शेवटच्या दोन झिजणाऱ्या. दोन कंपन्यांच्या काउंटरवरून ही यादी आणून शेजारी शेजारी ठेवली की पुढच्या दहा वर्षांच्या खर्चाचा जेवढा अंदाज येतो, तेवढा कोणत्याही जाहिरातीतून येत नाही. एलईडीचा पूर्ण हेडलाइट बदलावा लागणाऱ्या गाडीत या एका वस्तूच्या किमतीने अनेकांचा निर्णय फिरलेला मी पाहिला आहे.

मोठे नाव म्हणजे कायमचे नाव, असेही धरू नये. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोलेची विक्री थांबवली. तळेगावचा त्यांचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. सुट्या भागांची आणि सर्व्हिसची सोय ठेवण्याचे या कंपन्यांनी सांगितले, पण शोरूम कमी झाल्या, वर्कशॉप दूर गेली आणि गाडी विकायला काढली की किंमत घसरलेली असायची. त्या गाड्या वाईट नव्हत्या. त्यांच्या मालकांचे प्रेम आजही टिकून आहे आणि ते मला मनापासून समजते. तरीही ज्या कंपनीचे नवे मॉडेल कित्येक वर्षांत आलेले नाही आणि जिचे डीलर एकेक करून दुसऱ्या कंपनीची पाटी लावत आहेत, तिची गाडी घेताना ती दहा वर्षे आपणच वापरायची आहे, मध्येच विकायची नाही, अशी तयारी ठेवावी.

लॉयल्टी बोनसचा हिशेब

जुन्या ग्राहकाला शोरूममध्ये "लॉयल्टी बोनस" देऊ करतात आणि तो बहुधा जुनी गाडी तिथेच देण्याशी जोडलेला असतो. समजा, तुमच्या जुन्या गाडीचे शोरूमवाले दोन लाख दहा हजार देत आहेत आणि वर पंधरा हजारांचा बोनस. बाहेर तीच गाडी दोन लाख पंचेचाळीस हजारांना जात असेल तर बोनस घेऊन तुम्ही वीस हजार गमावता. म्हणून नव्या गाडीचे बोलणे सुरू करण्यापूर्वी बाहेरच्या दोघांकडून जुन्या गाडीची किंमत लेखी किंवा मेसेजवर घ्यावी, आणि शोरूममध्ये नव्या गाडीची ऑन-रोड किंमत व जुनीची किंमत ही दोन स्वतंत्र बोलणी करावीत. फरक चार-पाच हजारांचाच असेल तर गाडी शोरूमलाच द्यावी. नावावर करून देण्याची आरटीओतली धावपळ वाचते. त्या वेळीही गाडी पुढे कोणाच्या नावावर झाली याची खात्री करून घ्यावी.

विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि गाडी वा विमा कंपनी बदलली तरी आपल्याबरोबर येतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र तेवढे घ्यावे. शोरूममधलाच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती कोणी करू शकत नाही.

तेल, कूलंट आणि बॅटरी

इंजिन ऑइलच्या बाबतीत लोक जितके आग्रही असतात तितके गाडीच्या बाबतीतही नसतात. कॅस्ट्रॉल, सर्वो, मॅक, एचपी, शेल, मोबिल, गल्फ, मोतुल, प्रत्येकाचा एक पक्ष असतो. इथे प्रामाणिक उत्तर असे आहे की नावाच्या आधी डब्यावरचे दोन आकडे बघायचे असतात आणि ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेले असतात. पहिला घट्टपणाचा, उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा इंजिन थंड असताना तेल किती सहज वाहते ते सांगतो आणि नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहते ते सांगतो. दुसरी खूण दर्जाची, जशी पेट्रोल इंजिनासाठी एपीआय एसपी, जी २०२० पासून आली. हे दोन्ही मॅन्युअलशी जुळत असतील, तर कोणत्याही प्रतिष्ठित कंपनीचे तेल चालते. जुळत नसतील, तर वीस वर्षांच्या विश्वासाचे नावही उपयोगाचे नाही. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या नव्या इंजिनात "आपल्या उन्हाळ्याला दाट तेलच बरे" म्हणून २०डब्ल्यू-५० घालणारे मेकॅनिक अजून आहेत. त्यांना नम्रपणे मॅन्युअलचे पान दाखवावे. धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत तर कमी राखेचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या खुणेचेच तेल घालावे, नाहीतर फिल्टर लवकर तुंबतो आणि तो भाग महाग असतो.

तेलात विश्वास ठेवायचाच असेल तर तो दुकानावर ठेवावा. नामवंत तेलांचेच बनावट डबे निघतात. झाकणाचे सील आणि डब्यावरची तारीख पाहावी, बिल घ्यावे आणि तेल आपल्यासमोर ओतून घ्यावे.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले द्रव, रंगावरून कधीच घेऊ नये. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनी आपल्या सोयीने घालते, त्यातून आतली रसायने कळत नाहीत. वेगवेगळ्या जातीचे कूलंट एकत्र झाले की रेडिएटरमध्ये गाळ बसू शकतो. इथे गाडीच्या कंपनीचा डबा घेण्यात शहाणपण आहे, कारण वाचणारे दोनशे रुपये जोखमीच्या मानाने फार थोडे आहेत. ब्रेक ऑइलवर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे असेल तेच घालावे आणि ते हवेतली ओल शोषते म्हणून उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नये.

बॅटरी घेताना एवढे ध्यानात असावे की एक्साइड आणि एसएफ सोनिक या दोन वेगळ्या पाट्या दिसल्या तरी कंपनी एकच आहे. वॉरंटीचे महिने पाहताना त्यातले किती महिने बॅटरी फुकट बदलून मिळते आणि किती महिने केवळ किमतीत सूट मिळते, हे कार्डावर स्वतंत्र लिहिलेले असते. तुलना पहिल्या आकड्याची करावी.

टायरजवळ गुडघे टेकून बसा

टायर हा गाडीचा असा एकच भाग आहे जो रस्त्याला टेकतो, आणि तरी तो आपण दुकानदार म्हणेल तो घेतो किंवा घरात ठरलेल्या नावाचा घेतो. टायर बसवण्यापूर्वी त्याच्या बाजूला खाली बसून भिंतीवरचे आकडे बोटाने वाचावेत. १८५/६५ आर१५ ८८एच असे काही दिसेल. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, १५ हा रिमचा इंचातला व्यास. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. हे शेवटचे दोन मूळ टायरपेक्षा कमी नसावेत.

मग चार आकड्यांची एक लहान चौकट शोधावी. तिथे २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. ही चौकट टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे काही वेळा टायर फिरवून पाहावा लागतो. रबर दुकानात पडूनही वय धरते. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा तीन वर्षे पडून राहिलेला टायर आणि दुसऱ्या चांगल्या कंपनीचा दोन महिन्यांपूर्वीचा टायर यांत मी दुसराच घेतो. मागे एका दुकानात मी तारीख वाचायला लागलो, तेव्हा दुकानदाराने काही न बोलता आतून दुसरा सेट आणला. आधीचा जवळजवळ चार वर्षांचा होता.

एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन यांपैकी कोणतेही नाव टाकाऊ नाही. फरक मॉडेलमध्ये असतो. एकाच कंपनीचा एक टायर जास्त किलोमीटर चालण्यासाठी कडक रबराचा असतो आणि दुसरा ओल्या रस्त्यावर धरून राहण्यासाठी मऊ असतो. वरंधा, आंबोली किंवा ताम्हिणी घाटातून पावसाळ्यात नेहमी जाणाऱ्याने दुसऱ्या जातीचा टायर घ्यावा, जरी तो लवकर झिजला तरी. कायद्याने खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, परंतु पावसाळ्याच्या तोंडावर ती ३ मिलिमीटरच्या खाली आली असेल तर मी टायर बदलायला सांगतो. एकाच अ‍ॅक्सलवर डावा-उजवा टायर मात्र एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा असावा. नावाशी निष्ठा असावी, असे मी आग्रहाने म्हणतो ती ही जागा.

सुटे भाग: डब्यावरचे नाव आणि भागावरचे नाव

गाडीची कंपनी स्वतः फार थोडे भाग बनवते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर गॅब्रिएलसारख्या कंपनीचे, फिल्टर, दिवे किंवा इंजेक्शनचे भाग बॉश, लुमॅक्स, युनो मिंडा अशा कंपन्यांचे असतात. ज्या कारखान्यातून भाग गाडीच्या कंपनीला जातो, त्याच कारखान्याचा भाग त्याच्या स्वतःच्या डब्यातही अनेकदा मिळतो आणि स्वस्त मिळतो. म्हणून जुना भाग काढल्यावर तो पुसून त्यावर कोरलेले नाव आणि क्रमांक वाचावा आणि त्याच उत्पादकाचा भाग मागावा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एअर फिल्टर, वायपर, बल्ब, ब्रेक पॅड यांत हे निर्धास्त करता येते. एअरबॅग, स्टिअरिंगचे भाग, टायमिंग बेल्ट आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट यांत मात्र गाडीच्या कंपनीचाच डबा घ्यावा, आणि नाव कोणतेही असले तरी बिल नसलेला भाग घेऊच नये.

बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल, अशी भीती घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा गाडी कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल. आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आदेशात सांगितले. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिले केली. व्यवहारात मी असे सांगतो की वॉरंटीच्या काळात इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंगची कामे कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करावीत, कारण दाव्याच्या वेळी वाद घालायला कारण उरत नाही. टायर, बॅटरी, वायपर यांसाठी तिथे जादा पैसे देण्याची गरज नाही.

वर्कशॉपने फसवले किंवा कंपनीने वॉरंटी नाकारली तर तोंडी भांडणात वेळ घालवू नये. जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, डीलरला आणि कंपनीला एकाच दिवशी ईमेल करावा आणि उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ग्राहक आयोगात जायचे असल्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीला कंपनी कसे उत्तर देते, हेही वहीत लिहून ठेवावे. दोष मान्य करून भाग बदलून देणाऱ्या कंपनीकडे परत जायला माझी कधीच हरकत नसते.

आमच्या घरी तिसरी गाडी घेताना वडील ऐंशीच्या जवळ आले होते. त्यांनी कंपनी बदलली, पण स्वतःहून. शोरूमच्या आधी ते गावातल्या त्या मेकॅनिककडे गेले. त्याचा मुलगा आता गॅरेज चालवतो. त्याने तीन इंजिनांची नावे बिलाच्या कागदावर लिहून दिली आणि गाडी त्यांतलीच निवडली. ती चिठ्ठी नव्या फाइलमध्ये सर्वांत वर लावली आहे. तिच्याखाली पहिल्या सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड आहे आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात वडिलांनी लाल पेनाने किलोमीटर लिहिले आहेत: १,०१२.